बोळातला मनाई हुकूम

“दिवाणी कैदी आहे ना आपल्याकडे? एक तरी?”

सुपरिंटेंडंट साहेबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि पलीकडे कोणीतरी थांबलं होतं. मी म्हणाले, “आहे, सर. एकच. फणसे.”

“सारुं, बरं झालं,” म्हणून त्यांनी फोनमध्ये सांगितलं, “हां साहेब, आहे. दाखवू.”

‘दाखवू’ हा शब्द मला तिथेच खटकला. पण साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नसणार. स्वयंपाकघर दाखवू, दवाखाना दाखवू, सुतारकामाचं वर्कशॉप दाखवू, तसंच फणसे दाखवू.

मी तेव्हा तुरुंगात वेल्फेअर ऑफिसर होते. कैद्यांच्या घरच्या अडचणी ऐकायच्या, नातेवाइकांच्या भेटी लावून द्यायच्या, कुणाच्या घरून पत्र येत नसेल तर चौकशी करायची, हे माझं काम. बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलीनं ही नोकरी का धरली, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं तर ते “सरकारी नोकरीत आहे” एवढंच सांगत. तुरुंग नेमका कोणता ते इथे लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. त्या घरातली माणसं अजून तिथेच राहतात.

फोन दिल्लीहून येणाऱ्या समितीसंबंधी होता. संसदेची एक समिती दौऱ्यावर निघाली होती. तिची कामं दोन. तुरुंगातल्या सोयी कशा आहेत ते पाहायचं, आणि दिवाणी कैदेचा जुना कायदा ठेवावा की बदलावा याबद्दल लोकांची मतं ऐकायची.

दिवाणी कैद म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. चोरी, मारामारी, खून हे फौजदारी गुन्हे. त्यांची कैद सगळ्यांना माहीत असते. पण जमीन, घर, वाटणी अशा दिवाणी दाव्यातसुद्धा माणूस तुरुंगात जाऊ शकतो. कोर्टानं ‘अमुक करू नका’ असा मनाई हुकूम दिला आणि तुम्ही मुद्दाम तेच करत राहिलात, तर कोर्ट तुम्हाला काही दिवस आत ठेवू शकतं. असा कैदी गुन्हेगार नसतो. त्याला वेगळं ठेवायचं, तो स्वतःचे कपडे घालतो, त्याला काम लावत नाहीत, घरचं जेवणही चालतं. शिवाय एक गंमत अशी, की ज्यानं आत पाठवलं त्यानंच त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च कोर्टात भरायचा. वर्षानुवर्षं आमच्याकडे असा कैदी येत नसे. दिवाणी बराकीत जुन्या सतरंज्या ठेवलेल्या असायच्या. वसंतराव फणसे आले तेव्हा त्या सतरंज्या हलवून खोली झाडून घ्यावी लागली.

वसंतराव निवृत्त शिक्षक. मुलींच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. कारेलीबागेतल्या एका सोसायटीत वडिलांनी बांधलेलं जोडघर होतं. अर्ध्यात वसंतराव एकटे, अर्ध्यात धाकटा भाऊ मधुकर आणि त्याची बायको शालिनी. मधुकरराव कोयलीच्या रिफायनरीत नोकरी करून निवृत्त झाले होते. शालिनीताई सकाळच्या शाळेत शिकवायच्या.

भांडण पाण्याचं होतं. दोन्ही घरांच्या टाक्यांना जाणाऱ्या पाइपाचा कॉक मधुकररावांच्या बाजूच्या बोळात होता. घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली अरुंद जागा, तिला ते बोळ म्हणत. पहाटे पाणी यायचं ते थोडाच वेळ आणि कमी दाबानं. एकदम दोन्ही टाक्यांकडे सोडलं तर कुठेच चढायचं नाही. म्हणून वसंतराव पहाटे त्या बोळात जायचे, कॉक आपल्या टाकीकडे फिरवायचे, टाकी भरेपर्यंत तिथेच उभे राहायचे आणि मग कॉक भावाच्या टाकीकडे फिरवून परत यायचे. वडील असल्यापासून हे असंच चाललं होतं.

मग एके वर्षी मधुकररावांनी दावा लावला. बोळ आपल्या हिश्श्यातला आहे, भावानं तिथे पाय ठेवू नये. कोर्टानं मनाई हुकूम दिला आणि वसंतरावांना पुढच्या बाजूनं वेगळी लाइन टाकून घ्यायला सांगितलं. वसंतरावांनी लाइन टाकली नाही. “वडिलांनी घातलेली लाइन आहे, मी का बदलू?” म्हणत दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बोळात. तिसऱ्या दिवशीही. कोर्टानं बोलावून समज दिली. ‘पुन्हा जाणार नाही’ असं हमीपत्र द्या, विषय संपवू, असं सांगितलं. वसंतराव म्हणाले, “माझ्या टाकीत पाणी भरायला गेलो. त्यात हमी कसली द्यायची?” झालं. बाहत्तरीच्या माणसाला महिन्याभराची दिवाणी कैद.

सगळ्यात जास्त हादरले ते मधुकरराव. वकिलानं त्यांना सांगितलं होतं, हुकूम मोडल्याचा अर्ज तर करा, कोर्ट दम देईल, ते घाबरतील. ते धावत कोर्टात गेले, भावाला सोडा म्हणाले. कोर्टानं सांगितलं, आता गोष्ट तुम्हा दोघांतली राहिलेली नाही, हुकूम आमचा मोडलाय. त्यांनी हमी द्यावी, आम्ही सोडतो.

तेव्हापासून मधुकरराव रोज स्कूटरवरून टिफिन घेऊन गेटवर येत. आत कधी आले नाहीत. पहारेकऱ्याच्या हातात डबा द्यायचे आणि सांगायचे, “घरून आलाय म्हणा. कुणी आणला ते सांगू नका.”

पहिल्या दिवशी डबा मी आत नेला. वसंतरावांनी आमटीचा एक घास घेतला. मग म्हणाले, “शालिनीची आमटी आहे. गूळ जरा जास्त घालते.” एवढं बोलून सगळं जेवले. डबा घासून पुसून परत दिला. पुढेही रोज हेच. डबा कुणी आणला हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी त्यांना ‘सर’ म्हणायची. आमच्या स्टाफला त्याचं हसू यायचं. मी रोज त्यांच्याशी हमीपत्राविषयी बोलायची, ते रोज नाही म्हणायचे. माणूस चिडका नव्हता. बराकीच्या ओट्यावर बसून जुनी वर्तमानपत्रं डोळ्यांजवळ धरून वाचायचे. कधी मला विचारायचे, “दळवीबाई, तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं?” मी सांगितलं की मान हलवायचे. अशा माणसाला मी कितीदा म्हटलं असेन, “सर, एका सहीचा प्रश्न आहे.” ते म्हणायचे, “सही केली की त्यानं माझ्यावर केलेला आरोप खरा ठरतो.”

“पण आरोप काय आहे?”

“तेच तर मला कळत नाही. बोळात गेलो, हा आरोप.”

समिती येणार म्हटल्यावर तुरुंगात चुन्याचा वास सुटला. स्वयंपाकघरातली मोठी पातेली माती लावून घासली. दवाखान्यातल्या खाटांवर नवीन चादरी आल्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “फणसेंना तयार ठेवा. समितीला दिवाणी कैदीच बघायचाय. बाकीच्या ठिकाणी त्यांना एकही मिळालेला नाही.”

मी वसंतरावांना सांगायला गेले. ते ऐकून घेत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, मला दाखवू नका.”

“सर, ते फक्त प्रश्न विचारतील. कायदा बदलायचा का, यासाठी.”

“बडोद्यात माझ्या विद्यार्थिनी घरोघरी आहेत. कुणाची सून, कुणाची आई. पेपरात फोटो आला तर? सर तुरुंगात कशाला गेले होते, तर म्हणे बोळात गेले होते.” ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. “मी इथे आहे हे मुलीलाही सांगितलेलं नाही. यात्रेला गेलोय असं कळवलंय.”

मी साहेबांकडे गेले. “सर, त्यांची इच्छा नाही. फौजदारी कैदी नाहीत ते. त्यांना नको असेल तर...”

“दळवीबेन,” साहेब म्हणाले, “त्यांची इच्छा असती तर ते इथे असते का? इथे कुणाची इच्छा असते? समिती संसदेची आहे. मी त्यांना सांगू का, की आमचा कैदी लाजतोय?”

“निदान फोटो नको, सर.”

त्यांनी जरा विचार केला. “बरं. फोटो नाही.”

एवढंच हाती लागलं. मी परत येऊन वसंतरावांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पिशवीतून धुतलेला शर्ट काढून हातानंच त्याच्या चुण्या सारख्या करायला लागले.

समितीचे सात-आठ खासदार होते, बरोबर अधिकारी, शिपाई, गाड्या. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ, वकिली केलेले. ते बारकाईनं बघत होते. डाळ चाखली, दवाखान्यातल्या कैद्याला औषध वेळेवर मिळतं का विचारलं, बायकांच्या बराकीत स्वतः न जाता समितीतल्या बाईंना आत पाठवलं. मला माणूस चांगला वाटला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता.

आम्ही दिवाणी बराकीकडे वळलो तेव्हा गेटच्या आतल्या बाजूला मधुकरराव उभे होते. हातात टिफिन. गाड्यांमुळे पहारेकऱ्यांची धांदल उडाली होती, त्यांनी त्यांना बाहेर उभं करण्याऐवजी आत घेऊन कोपऱ्यात थांबवलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, हे कोण? पहारेकऱ्यानं सरळ सांगून टाकलं, “साहेब, हेच ते. ज्यांनी भावाला आत टाकलं. रोज डबा आणतात.”

सगळे थांबले. “टाकलं यांनी, आणि डबाही हेच आणतात?” एक खासदार म्हणाले. अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांना हवी होती तशी केस होती. दोन्ही पक्ष एका जागी. “यांनाही घ्या बरोबर.”

मी साहेबांच्या जवळ जाऊन म्हणाले, “सर, यांना आत नेऊ नका. ते दोघं कोर्टानंतर भेटलेले नाहीत.” साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मधुकरराव डबा छातीशी धरून आमच्यामागून चालत आले.

वसंतराव ओट्यावरून उठून उभे राहिले होते. स्वच्छ शर्ट, वरचं बटण लावलेलं. भावाला पाहून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मधुकररावांनी डबा कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला.

अध्यक्षांनी नीट, आदरानं विचारलं. बोलणं हिंदीत चाललं होतं. इथली वागणूक कशी आहे? जेवण? तब्येत? वसंतराव म्हणाले, “तक्रार नाही.” मग अध्यक्ष मधुकररावांकडे वळले.

“तुमच्या भावानं सकाळी येऊन पाणी सोडलं, तर तुम्हाला त्रास काय होता?”

मधुकरराव म्हणाले, “बोळ माझा आहे.”

“ते कोर्टानं ठरवलं. मी त्रास विचारतोय. ते तिथे काय करायचे?”

“उभे राहायचे.”

“उभे राहायचे,” अध्यक्षांनी पुन्हा म्हटलं. “आणि?”

मधुकररावांचे कान लाल झाले.

एक तरुण खासदार म्हणाले, “म्हणजे उभं राहण्याबद्दल जेल? मग आम्हाला तर जन्मठेप होईल, आम्ही निवडणुकीला उभे राहतो.”

सगळे हसले. समिती हसली, अधिकारी हसले, आमचे साहेबही हसले. पहारेकरी मागे तोंड फिरवून हसला. मी हसले नाही, पण हातातली फाइल वर धरून तिच्याकडे बघत राहिले, जणू त्यात काही वाचायचं होतं. फाइलमध्ये वाचण्यासारखं काहीच नव्हतं. वसंतरावांकडे बघायचं धैर्य मला होत नव्हतं.

“हसू नका,” मधुकरराव म्हणाले. आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला ऐकूच गेला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, “हसू नका साहेब. ते माझे मोठे भाऊ आहेत. त्यांनी शिकवून लोकांच्या मुली मोठ्या केल्यात.”

हसणं थांबलं. अध्यक्ष नरमाईनं म्हणाले, “माफ करा. पण मग तुम्हीच सांगा ना. कारण काय होतं? तुम्ही सांगितलंत तर आम्हाला कायद्याचा विचार करता येईल.”

मधुकरराव खाली बघत म्हणाले, “ते घरातलं आहे.”

तेव्हा वसंतराव पहिल्यांदा भावाशी बोलले. मराठीत. “सांग ना, मधू. सगळे विचारतायत. मी पण दोन वर्षं हेच विचारतोय.”

मधुकररावांनी भावाकडे पाहिलं. मला वाटलं आता सांगतील. त्यांचे ओठ हलले. मग डबा ओट्यावर ठेवून ते वळले आणि कुणाची परवानगी न घेता भराभर गेटकडे निघून गेले.

“बघा,” वसंतराव हिंदीत अध्यक्षांना म्हणाले, “कारण नाहीच आहे. पण हुकूम कोर्टाचा होता आणि मी तो मोडला, तेवढं खरं आहे. भावाचा काही दोष लिहू नका.”

जाताना अध्यक्ष माझ्याजवळ थांबले. “तुम्ही यांच्याशी रोज बोलता. तुमची काही सूचना असेल तर लिहून पाठवा.” मी हो म्हटलं. गाड्या गेल्या. त्या दिवशी वसंतरावांनी डबा उघडलाच नाही. संध्याकाळी मी पाहिलं, तो ओट्यावर तसाच होता. मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वसंतराव तुरुंगातलं जेवण ताटात घेऊन बसायचे आणि तसंच परत द्यायचे. मला एकदा विचारलंन, “मधूची तब्येत बरी आहे ना?” मला माहीत नव्हतं.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी गेटवरून निरोप आला, एक बाई आल्यात, तुम्हालाच भेटायचंय म्हणतात. शालिनीताई होत्या. साठीच्या आसपास, सुती साडी, शाळेतून थेट आल्यासारखी खांद्याला पिशवी. डबा आणला होता. मी म्हटलं, “तुम्ही त्यांना भेटू शकता. मी लगेच भेट लावते.”

“नको,” त्या घाईनं म्हणाल्या. “तुमच्याशीच बोलायचंय. दार लावाल का?”

मी दार लावलं. त्या बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“परवा काय झालं ते यांनी सांगितलं. दोन दिवस जेवले नाहीत. सगळे हसले म्हणाले.” मग एकदम म्हणाल्या, “त्या बोळात आमच्या मोरीची खिडकी आहे.”

मला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला.

“पाणी पहाटेच येतं,” त्या सांगू लागल्या. “मला सातची शाळा. आंघोळ तेव्हाच करायला लागते. आणि भाऊजी बरोबर त्या खिडकीखाली उभे. त्यांचं वाईट नाही हो काही. देवमाणूस आहेत. पण पायात चप्पल नाही, खाकरणं नाही, काही नाही. ते आहेत की गेले, आतून कळायचं नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्या आधी आंघोळ करायच्या, मी नंतर. मग शाळा सुरू झाली. कितीतरी वर्षं मी दिवा न लावता आंघोळ केली. एकदा उजेडासाठी खिडकीची झडप उघडली तर ते समोर. वाकले होते कॉकवर. मान वर केलीन. मला पाहिलं की नाही, देवाला ठाऊक. मी झडप लावली ती परत कधी उघडली नाही.”

“आणि मधुकररावांना सांगितलंत?”

“पंधरा दिवसांनी सांगितलं. हे म्हणाले, दादाला कसं सांगू? तोंडातून असं काही काढलं तर दादाला वाटेल, आपण त्याच्यावर संशय घेतोय. त्यापेक्षा बोळाचंच काहीतरी काढतो म्हणाले. मग बोळाचं काढलं. वकील आला, नकाशा आला, वडिलांचं मृत्युपत्र आलं. मूळ गोष्ट त्याच्याखाली कुठल्या कुठे गेली.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “कोर्टात मी गेलेच नाही. जज्जसाहेब काय विचारतील आणि मी काय सांगेन, या भीतीनं.”

मी विचारलं, “मग आता माझ्याकडून काय हवंय?”

“तुम्ही त्यांना सांगा. माझ्याच्यानं होणार नाही.”

नोकरीत मी कैद्यांना बऱ्याच वाईट बातम्या सांगितल्या आहेत. आई गेली, बायकोनं दुसरं लग्न केलं, अपील फेटाळलं. त्याची एक पद्धत असते. माणसाला आधी बसवायचं, मुद्द्याचं पहिल्या दोन वाक्यांत सांगायचं, मग गप्प बसायचं. पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कसं सांगायचं, याची पद्धत मला कुणी शिकवलेली नव्हती. बराकीपर्यंत चालत जाताना मी चार प्रकारे वाक्यं जुळवली. चारही टाकून दिली.

शेवटी समोर बसून म्हटलं, “सर, ज्या कॉकपाशी तुम्ही उभे राहायचा, त्याच्या वरची खिडकी त्यांच्या मोरीची आहे. शालिनीताई त्याच वेळी आंघोळ करायच्या. त्यांना संकोच व्हायचा. कारण एवढंच होतं.”

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. बाहेर बसल्यात. तुमच्यावर त्यांचा कणभरही संशय नाही. तसं त्यांनी स्वतः म्हटलंय.”

“ती मोरीची खिडकी, हे कधी ध्यानातच आलं नाही. झडप एकदा उघडली होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “मला वाटलं, पाण्याचा आवाज ऐकून कुणीतरी बघितलं. मला काही दिसलं नाही हो, बाई. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. त्या अंधुक उजेडात मला कॉकसुद्धा हातानं चाचपावा लागतो.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण हे आता मी कुणाला सांगू? कसं सांगू?”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत होतो. वर्गात जाताना दार वाजवून जायचो. कुणी एक शब्द बोललं नाही माझ्याबद्दल कधी. आणि घरात...” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उठून ओट्यावर जाऊन बसले. काही वेळानं आतून आवाज आला, “बाई, कागद आहे का?”

हमीपत्र त्यांनी स्वतः लिहिलं. शिक्षकाचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. ‘सदर जागेत यापुढे कोणत्याही कारणाने जाणार नाही.’ ‘कोणत्याही कारणाने’ हे कोर्टानं मागितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून घातलं.

बाहेर येऊन मी शालिनीताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “त्यांना दिसत नाही. मोतीबिंदू आहे.” त्या रडायला लागल्या. एवढी वर्षं शेजारी राहून त्यांना ते माहीत नव्हतं. डबा माझ्याकडे देऊन गेल्या. तो वसंतरावांनी खाल्ला.

कोर्टानं लगेच सोडलं. सुटायच्या दिवशी मधुकरराव रिक्षा घेऊन गेटवर आले होते. वसंतराव बाहेर आले, पिशवी भावाच्या हातात दिली आणि रिक्षात बसले. मला वाटलं, घरी गेले. नंतर कळलं, त्यांनी रिक्षा स्टेशनवर घ्यायला लावली आणि थेट सुरतेला मुलीकडे गेले. सहा-सात महिने परत आलेच नाहीत.

तेवढ्या काळात मधुकररावांनी प्लंबर बोलावून वसंतरावांची लाइन पुढच्या बाजूला काढून घेतली. अर्ध्या दिवसाचं काम. बोळातली खिडकी विटा लावून बुजवली आणि मोरीला वर छोटा झरोका केला. वसंतराव परत आल्यावर भावाभावांचं बोलणं सुरू झालं, सणावारी जेवणंही एकत्र होऊ लागली. शालिनीताई मला एकदा बाजारात भेटल्या तेव्हा मी विचारलं, आता सगळं ठीक ना? त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण माझ्याशी बोलताना नजर खालीच असते. आणि पुढच्या फाटकातून स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा दोनदा खाकरतात. मला ते ऐकवत नाही.”

समितीला मी सूचना लिहून पाठवली. एकाच घरातल्या माणसांच्या दाव्यात कुणाला दिवाणी कैदेत पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यांना, बायकांनासुद्धा, बंद खोलीत एकेकटं बोलावून ऐकावं. ऐकणारी बाई असेल तर उत्तम. फणशांचं नाव घातलं नाही, कारणही लिहिलं नाही. माझ्या सूचनेचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. अहवाल आला तेव्हा साहेबांनी मला त्यातली आमच्याविषयीची ओळ वाचून दाखवली. बराक स्वच्छ, कैदी एक, कैद्याची तक्रार नाही. साहेब खूश झाले. ओळीत खोटं काहीच नव्हतं.

त्या अध्यक्षांचा मला कधी राग आला नाही. त्रास काय होता, हा प्रश्न दोन वर्षांत वकिलानं विचारला नव्हता, कोर्टानं विचारला नव्हता, आणि रोज समोर बसणाऱ्या मलाही नीट सुचला नव्हता. त्यांनी तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला. फक्त वीस माणसांसमोर विचारला. पुढच्या नोकरीत मी एवढाच बदल केला, की घरगुती प्रकरण आलं की आधी दार लावायचं आणि मग विचारायचं.